शेवटचा फर्मा

खुनी कोण ते पहिल्याच पानावर लिहून ठेवणारं कुणीतरी माझ्या लायब्ररीत आहे, हे मला कदम सरांनी येऊन सांगितलं. सर म्हणजे आमच्या पुंडलिकनगरातले गणिताचे मास्तर. भर दुपारी बनियनवर, अनवाणी आले होते. पुस्तक काउंटरवर आपटलं आणि म्हणाले, "उघडा. आतलं पहिलं पान." पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'धाकटा भाऊ'. बस, एवढंच. सरांनी जेवण उरकून, पंखा लावून, लोडाला टेकून पुस्तक उघडलेलं, आणि पहिली ओळ वाचायच्या आधीच सगळा खेळ खलास.

संपादकांनी मला वाचनसंस्कृतीवर लिहा म्हणून निरोप धाडला. तो शब्द काही माझ्या तोंडात बसत नाही. मी उभ्या आयुष्यात लोकांना घरपोच खून पुरवले, त्याबद्दल सांगते. आणि ओळीनं सांगणं मला जमत नाही हे आत्ताच सांगून ठेवते. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे. डोक्यालाही असावी.

लायब्ररी म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. आमचे मालक कंपनीत पाळ्या करायचे, मी लग्न होऊन बिडकीनहून आलेली, घरात बसून जीव नुसता कावून जायचा. म्हणून दोन रॅक आणले, एक काउंटर केला आणि पाटी लावली. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची, एका वेळी एक पुस्तक न्यायचं. घरपोच पाहिजे असेल तर वर्गणी थोडी जास्त. त्यासाठी लूना घेतली. पुढं पायाशी पुस्तकांची पिशवी ठेवायची आणि गावभर हिंडायचं. हे हिंडणंच मला मानवलं.

लोकांना वाटतं, लायब्ररी म्हणजे थोरामोठ्यांच्या कादंबऱ्या. त्या होत्या, वरच्या फळीवर, धूळ खात. रॉकेल-मीठ निघायचं ते मालिकांच्या रहस्यकथांवर. एकच नायक, दर महिन्याला नवा खून. नायकाचा मदतनीस दर पुस्तकात एकदा तरी डोक्यात फटका खाऊन बेशुद्ध पडणारच. पुण्या-मुंबईहून एसटीनं पार्सल यायचं, तो दिवस आमच्या गल्लीत सणाचा. नवं पुस्तक पहिल्यांदा कुणी न्यायचं यावरून एकदा दोन शेजारणींनी महिनाभर अबोला धरला होता.

पुस्तकं स्वस्तातली. चार घरं फिरली की पानं सुटायची. म्हणून नवं पुस्तक आलं की मी आधी ते उसवायची. उसवलं की आत काय असतं ते सांगते. छापखान्यात मोठ्या कागदाची घडी घालून सोळा पानांची एक जुडी करतात, तिला म्हणतात फर्मा. असे सात-आठ फर्मे एकावर एक ठेवून चिकटवले की झालं पुस्तक. मी ते सुटे करायची, टोच्यानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवायची, मैद्याची खळ लावून पुठ्ठा चढवायची. खळीत थोडा मोरचूद घालायचा, म्हणजे झुरळं नादी लागत नाहीत. असं शिवलेलं पुस्तक मग दहा वर्षं मार खातं.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. एक पैलवान होते, फक्त भुताटकीचं न्यायचे. पण अमावस्या आली की पुस्तक घरात ठेवायची छाती नव्हती. आदल्या दिवशीच येऊन लायब्ररीच्या पायरीवर ठेवून जायचे आणि दोन दिवसांनी परत मागायचे. एक वहिनी फोडणी देता देता वाचायच्या. त्यांच्याकडून आलेल्या पुस्तकात हळदीचा अंगठा कुठवर आलाय ते बघून मला कळायचं, कुठल्या पानाला भाजी करपली. आणि एक आजोबा सरळ शेवटून सुरुवात करायचे. म्हणायचे, "मला आता वाट पाहायला वेळ नाही."

मी स्वतः काय कमी होते? रोज एक संपवायची. या मालिकांत एक गंमत आहे आणि ती मला अजून नीट उलगडलेली नाही. नायक मरणार नाही हे पक्कं ठाऊक असतं, पुढच्या महिन्याच्या पुस्तकाची जाहिरात मागच्या पानावर छापलेली असते. तरी त्याच्यावर पिस्तूल रोखलं की आपला घास हातातच राहतो. खऱ्या जगण्यातली काळजी अशी कुठं असते? तिच्या मागच्या पानावर काही छापलेलं नसतं. मला वाटतं, अर्धं गाव माझ्याकडं यायचं ते अशी बिनधोक काळजी भाड्यानं न्यायला.

तर ते पेन्सिलचं प्रकरण. कदम सरांनंतर आणखी तक्रारी आल्या. 'डॉक्टरची बायको', 'माळी', 'दोघं मिळून'. सरांनी तर अनामत परत घेतली. बाकीचेही पुस्तक घेताना आधी पहिलं पान नखानं चाचपून बघायला लागले. असं महिना-दोन महिने चाललं असतं तर मी शटर ओढून पुन्हा घरात बसले असते. त्याची मला खरी धास्ती होती.

मग मी तपास हाती घेतला. लिहिलेली पुस्तकं बहुतेक रोशनगेटकडून फिरून आलेली होती, आणि त्या बाजूला माझं घरपोचचं एकच घर होतं, सिद्दीकीसाहेबांचं. दुसरं कुणी असतं तर त्याच दिवशी जाऊन विचारून आलं असतं. पण मी रहस्यकथा वाचणारी. ज्याच्याकडं सगळे पुरावे बोट दाखवतात तो खुनी कधीच नसतो, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. म्हणून ते घर मी पहिल्याच दिवशी संशयितांतून वगळलं. धरलं कुणाला, तर बोर्डेंना. बोर्डे पोस्टात होते. यायचे, "द्या" म्हणायचे, न्यायचे. इतका गरीब माणूस म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय. दोन दिवस लूनावरून त्यांच्या मागं हिंडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली, वळले आणि म्हणाले, "ताई, काही काम होतं का? कालपासून मागं मागं येताय. सौ. विचारत होती." त्यानंतर बोर्डे लायब्ररीत आले की "द्या"च्या आधी "आज कुणाच्या पाळतीवर?" असं विचारायला लागले. एवढं बोलकं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी हरून मी एक कोरं, त्याच दिवशी शिवलेलं पुस्तक सिद्दीकीसाहेबांकडं दिलं. चार दिवसांनी बदलून घेतलं आणि त्यांच्या फाटकातच उघडलं. कोपऱ्यात लिहिलेलं होतं, 'पुतण्या'.

सिद्दीकीसाहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. शिक्षण सगळं उर्दूतलं. पोलीस ॲक्शन होऊन इथली जुनी राजवट गेली तेव्हा नुकते नोकरीला लागलेले. त्या दिवसांबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पुढं राज्य बदललं, कचेरीची भाषा मराठी झाली, आणि मराठी आली नाही तर नोकरी जाणार अशी वेळ आली. तेव्हा त्यांनी रहस्यकथा धरल्या. म्हणायचे, "व्याकरणाच्या पुस्तकात दोन पानांत झोप यायची. खुनाच्या पुस्तकात पुढचं कळायचंच असतं, मग शब्द आपोआप येतात." त्यामुळं त्यांची मराठी वेगळीच झाली. कालव्याला गळती लागली की शेऱ्यात लिहायचे, 'भिंतीस भगदाड पडले असून यामागे कोणाचा तरी हात असावा.' भाजीवालीला म्हणायचे, "ही वांगी मला संशयास्पद वाटतात."

त्यांच्या बेगम रुकय्याबी, त्यांना मी चाची म्हणायची. त्या देवगाव रंगारीच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. "ह्यांचं मराठी खुनाचं, माझं माहेरचं," असं त्या हसून सांगायच्या.

मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढं धरलं. "चाची, हे कुणी लिहिलं?"

"म्या," त्या म्हणाल्या, एवढ्या सहज की भांडायचं ठरवून आलेली मी भांडणच विसरले. "का? चुकलं का? पुतण्याच हाय की."

मग त्यांनी मला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. हिवाळ्यात साहेबांना छातीचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिना नको, मीठ नको, आणि मनाला ताण तर अजिबात नको. जिना सुटला, मीठ सुटलं, पुस्तक काही सुटेना. एके दिवशी शेवटाकडं आलेले असताना चाचींनी पाहिलं तर माणूस घामानं डबडबलेला, हात गार, आणि डोळे पुस्तकात. त्यांनी पुस्तक हिसकावलं तर साहेब दोन दिवस जेवले नाहीत.

"मंग म्या हे काढलं," चाची म्हणाल्या. "पुस्तक आलं की आधी शेवटची पानं म्या वाचते. खुनी सापडला की म्होरं लिवून ठिवते. नाव ठावं असलं की जीव ठिकाण्यावर राहतोय. सावकाश वाचत्यात मंग."

"अहो चाची, पण बाकीच्या लोकांचं काय? गिऱ्हाईक तुटायला लागलंय माझं."

त्या खरोखर चकित झाल्या. "मला वाटलं, लोकायला बी बरं पडंल. कुणाकुणाच्या घरात असंल की असा मानूस."

मी हातच जोडले. पुढच्या वेळेपासून खोडून पाठवते म्हणाल्या. प्रश्न मिटला, माझी लायब्ररी वाचली, असं म्हणत मी लूनाचं पायडल मारणार तोच साहेब फाटकापाशी आले. मागं वळून पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, एक विनंती आहे. मला एक कोरं पुस्तक द्या. तिला न दाखवता."

"साहेब, डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांनी मला जिवंत ठेवलंय. कशासाठी ते विचारलं नाही. मी त्या पानावर अंगठा ठेवून उघडतो, तरी दिसतंच. मग गोष्टीत पुतण्या चहा घेऊन आला की मी त्याच्याकडं बघत बसतो, बाकी कुणाकडं बघायचं कारणच उरत नाही. हे वाचणं नाही. हे हजेरी घेणं आहे."

मी काही कबूल केलं नाही आणि नाहीही म्हणाले नाही. पण ते काही दिवस माझे फार वाईट गेले. भाजी निवडताना, टोचा मारताना, सिग्नलला उभं असताना, डोक्यात तेच. कोरं पुस्तक नेऊन द्यावं आणि पानं उलटता उलटता माणूस गेला तर? न द्यावं, तर तो असाच हजेरी घेत बसणार. वाचणाऱ्या माणसाचं दुःख मला कळत होतं, आणि चाचींचं भय तर त्याहून कळत होतं. दोघंही माझ्यावर विसंबून. मालक म्हणाले, "तुला काय करायचंय? तू पुस्तकं दे." हे त्यांचं नेहमीचं. मी त्या आठवड्यात रोशनगेटकडं गेलेच नाही, वळसा घालून दुसऱ्या रस्त्यानं जायची.

मग एके दुपारी नवं पार्सल फोडलं, पुस्तक उसवलं, फर्मे सुटे करून चटईवर मांडले, आणि शेवटचा फर्मा हातात घेऊन बसून राहिले. सोळा पानं. जीव घेणारं जे काही होतं ते या सोळा पानांत होतं. मी बाकीचं पुस्तक शिवलं, पुठ्ठा चढवला. शेवटचा फर्मा वेगळा, दोन टाके घालून तपकिरी कागदात गुंडाळला. आणि दोघांच्या समोर ठेवून सांगितलं, लपवाछपवी मला जमणार नाही. पुस्तक साहेबांचं, हा फर्मा चाचींचा. साहेबांनी पुस्तक वाचायचं. शेवट आला की थांबायचं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेऊन, चहा पिऊन बसायचं, आणि चाचींनी हा मोठ्यानं वाचून दाखवायचा. घाम दिसला की वाचणं बंद.

"आणि म्या आधी वाचायचा नाय?" चाची म्हणाल्या.

"नाही."

"मंग मला तरी कसं कळंल कोण कोण हाय ते?"

साहेब पहिल्यांदाच हसले. "मी सांगेन," म्हणाले.

आणि खरं औषध ते निघालं. कारण शेवटचा फर्मा उघडायच्या आधी साहेबांना सगळी कथा चाचींना सांगावी लागायची. चाची अडवायच्या, "थांबा. ही माळ्याची बायको कोन? तिचा काय संबंध?" की साहेब मागं जायचे, पुन्हा सांगायचे. असं सांगता सांगता त्यांचा जोर ओसरायचा आणि चाचींचा चढायचा. एकदा मी गेले तेव्हा वाचन चालू होतं. चाची दिवाणावर, चष्मा नाकावर, एक हात साहेबांच्या मनगटावर. वाचता वाचता त्याच ओरडल्या, "अल्ला, नायकाच्या मागंच उभा हाय त्यो." साहेब त्यांना म्हणाले, "हळू, तुम्हाला त्रास होईल." मी दारातूनच परत फिरले. त्या काळात मला वाटायचं की आपण जन्मात एक तरी काम धड केलं.

ते तीनेक वर्षं चाललं. आणि मग चाची गेल्या. ताप आला, अंगावर काढला, दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला. सगळ्या घरादाराचं लक्ष साहेबांच्या छातीकडं. आम्ही सगळे त्यांची काळजी करत होतो आणि त्या गेल्या. मला फार लागलं ते. माझी स्वतःची आई गेली तेव्हा मी एवढी रडले नव्हते.

भेटायला गेले तर साहेब त्याच दिवाणावर बसलेले. म्हणाले, "ताई, एवढे खून वाचले आपण. घरात काय चाललंय ते कळलं नाही." चाळिसावा झाला, त्यानंतर मी बिचकत बिचकत विचारलं, पुस्तक आणू का? फर्मा काढून आणू की कसं?

"कसंही आणा," ते म्हणाले. "नाव लिहिलेलं आणा, न लिहिलेलं आणा. आता काही धडधडत नाही."

मी अखंड पुस्तक दिलं. परत घेताना विचारलं, कसं होतं? "ठीक होतं." दुसरं दिलं. "ठीक होतं." ज्या माणसानं साध्या बंदुकीच्या गोळ्यांचा हिशोब चुकला म्हणून लेखकाला माझ्यासमोर अर्धा तास झाडलं होतं, तो माणूस. माझा जीव वरखाली व्हायला लागला. मी हट्टालाच पेटले. रॅकमधली एकाहून एक भयंकर पुस्तकं काढली, पैलवान अमावस्येआधी पायरीवर ठेवून जायचे ती सुद्धा. डॉक्टरांनी मला पाहिलं असतं तर पोलिसांत दिलं असतं. ज्याच्या छातीला धक्का बसू नये म्हणून आम्ही दोघींनी एवढं केलं, त्याला आता एक धक्का बसावा म्हणून मी तळमळत होते. साहेब प्रत्येक पुस्तक वेळेवर परत करायचे. कोपरे सुद्धा न दुमडलेले.

एका दुपारी लूना वळवली तर ते फाटकात उभे. डोक्यावर नेहमीची टोपी नाही, हातात पुस्तक, आणि पानात बोट घातलेलं. मी उतरायच्या आत सुरू झाले.

"ही शुद्ध फसवणूक आहे. खोलीचं दार आतून बंद होतं. कडी लागलेली होती. पान पन्नासवर स्पष्ट लिहिलंय. मग हा दिवाणजी आत आला कुठून?"

त्यांचा चेहरा लाल झाला होता. असं व्हावं म्हणूनच मी महिनोन् महिने धडपडत होते, आणि आता झालं तर मी लूना तशीच टाकून त्यांच्याकडं धावले.

"साहेब, गोळी घेतली का?"

"गोळीचं राहू द्या. ती असती तर तिनं मला इथंच अडवलं असतं. म्हणाली असती, थांबा, दार बंद होतं ना? एका वाक्यात पकडलं असतं तिनं या लेखकाला."

"आधी बसा तुम्ही," मी म्हणाले. त्यांना दिवाणावर बसवलं, फळीवरून गोळ्यांची डबी काढली, पाणी आणलं. त्यांनी माझ्यावरची नजर न काढता गोळी गिळली आणि पेला माझ्या हातात परत दिला.

"आता बोला. कडी लागलेली होती की नव्हती?"

"होती," मी म्हणाले. "पण खिडकीचं काय?"

"खिडकीला गज आहेत, ताई. तुम्ही वाचता की नुसती पानं उलटता?"

मी खुर्ची ओढून घेतली, चष्मा लावला, आणि आम्ही पान पन्नासपासून पुन्हा बघायला बसलो. त्या दिवशी बाकीच्या घरांची पुस्तकं गेलीच नाहीत.